असोद्याचं वांगं आणि पॅरिसचं ऑबर्जिन

इंग्लंडला शिकायला गेलेल्या भाचीनं परवा फोनवर विचारलं, “मावशी, इथं वांग्याला ऑबर्जिन म्हणतात. अमेरिकेतला दादा एगप्लांट म्हणतो. आणि आपल्या जळगावच्या हॉटेलांत मेन्यूवर ब्रिंजल मसाला लिहिलेलं असतं. तिन्ही इंग्रजीच शब्द ना? मग खरं नाव कोणतं?”

तिन्ही खरी. गंमत अशी की यातली दोन नावं, ऑबर्जिन आणि ब्रिंजल, आपल्या ‘वांगं’ या शब्दाच्याच कुळातली आहेत. ऐकताना ती इतकी दूरची वाटतात की पटकन विश्वास बसत नाही, पण मधल्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या की नातं स्वच्छ दिसतं. एगप्लांटचा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन, ग्रीक, तुर्की, रशियन, हंगेरियन, जॉर्जियन, अरबी आणि फारसी या सगळ्या भाषांतलं वांग्याचं नाव मुळात भारतातून गेलेलं आहे. वांग्यावर जीव टाकणाऱ्या खानदेशी माणसाला हे ठाऊक असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

खानदेशात वांगं म्हटलं की आधी भरीत. जळगावला लागून असलेलं असोदा, यावल तालुक्यातलं बामणोद ही गावं भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेली. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, तळहातात न मावणारं, बी कमी आणि गर भरपूर. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी पार काळी होईपर्यंत भाजायची, साल सोलून काढायची आणि गर लाकडी भांड्यात लाकडानंच ठेचायचा. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. ज्या घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, तिथं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच ते पुन्हा ताटात येतं. अहिराणीत त्याला म्हणायचं ‘वांगानं भरीत’. ते ‘नं’ ऐकलं की गुजराती शेजाराची आठवण होते, पण ‘वांगं’ हा शब्द मात्र गुजरातीपासून काश्मिरीपर्यंत पसरलेला आहे.

तर मूळ काय? संस्कृतात वांग्याच्या नावांची रेलचेल आहे: वार्ताक, वृंताक, भंटाकी, वातिंगण. यातलं भंटाकी बिहारकडच्या ‘भंटा’त आणि नेपाळीतल्या ‘भन्टा’त अजून जिवंत आहे. आपल्या कामाचं आहे ते वातिंगण. त्यातला मधला ‘त’ बोलता बोलता झिजला, उरलं वाइंगण, आणि त्यातून मराठीत वांगं, सिंधीत वांगण, काश्मिरीत वांगुन. हिंदीच्या पट्ट्यात सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ होतो, जसं वनाचं बन आणि विवाहाचं ब्याह. म्हणून तिकडे बैंगन, बंगालीत बेगुन, आसामीत बेंगेना. जळगावचा माणूस श्रीनगरच्या भाजीवाल्यापुढे नुसतं ‘वांगं’ म्हणाला तरी काम भागेल, इतकी ही दोन टोकं जवळ आहेत. गुजरातीत ‘वेंगण’ही आहे, पण नवापूरची सीमा ओलांडली की कानावर जास्त पडतं ते ‘रिंगण’.

वातिंगण म्हणजे ‘वात घालवणारं’, अशी फोड पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. दिसायला ती सुबक आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कारण दक्षिणेकडे पाहिलं की तेलुगूत वंकाय, मल्याळममध्ये वळुतन, जुन्या तमिळमध्ये वळुतुणै, कन्नडमध्ये बदने. ही नावं एकमेकांशी जुळतात, आणि ती संस्कृतातून उतरलेली दिसत नाहीत. भाषा अभ्यासणाऱ्या बऱ्याच जणांचं मत असं आहे की संस्कृतनंच हा शब्द एखाद्या द्राविड भाषेतून उचलला आणि आपल्या वळणावर बसवला. मग त्यात ‘वात’ दिसायला लागला तो नंतर.

हे जरा ठासून सांगते, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत प्रत्येक परक्या शब्दाचं मूळ संस्कृतात नेऊन टांगलेलं असतं. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे नातं सिद्ध होत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे अक्षरांचा बदल त्या भाषेच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे झालेला हवा. दुसरी, मधल्या काळातली लिहिलेली रूपं सापडायला हवीत. आणि तिसरी, ती वस्तू त्या वाटेनं खरोखर गेली असल्याचा पुरावा हवा. वांग्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळतात, म्हणून तर हा शब्द अभ्यासकांचा इतका लाडका. यूल आणि बर्नेल यांनी केलेला अँग्लो-इंडियन शब्दांचा मोठा कोश १८८६ साली छापला गेला. त्यात ब्रिंजलच्या नोंदीत त्यांनी म्हटलं आहे की अर्थ तोच ठेवून इतकी विलक्षण रूपं घेतलेला या जातीचा दुसरा शब्द बहुधा नसेल.

आता पश्चिमेची वाट धरू. इराणात वातिंगणाचं झालं बादिंगान. ‘व’चा ‘ब’, ‘त’चा ‘द’, बाकी सगळं जागच्या जागी. फारसीत ‘बाद’ म्हणजे वारा; आपल्याकडे वात आणि तिकडे बाद, दोन्हीकडे शब्दाच्या पोटात वारा शिरला, हा मला फार सुंदर योगायोग वाटतो. पुढे सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं आणि वांगं त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं. अरबीत ‘ग’ हा उच्चार नव्हता, त्याच्या जागी ‘ज’ आला. बादिंगानचं बादिंजान झालं. लोकांनी त्याचाही अर्थ लावला: ‘बैज़ अल-जिन्न’, जिन्नांची अंडी! शब्दाचा अर्थ लागेना की माणूस आपल्या भाषेत बसेल असा अर्थ त्यात घालतो. बंगाल्यांनी बेगुनचा ‘बे-गुण’ केला तो याच सवयीनं.

अरबांना वांगं लगेच आवडलं असं नाही. त्यांच्या वैद्यांचा त्याच्यावर राग होता. इब्न सीनासारख्या मोठ्या वैद्यानं लिहून ठेवलं की वांग्यानं शरीरात काळं पित्त वाढतं. पण खवय्यांनी वैद्यांचं ऐकलं नाही. बगदादचा खलिफा अल-मामूनचं बूरानशी लग्न ८२५ साली मोठ्या थाटात झालं, आणि तळलेल्या वांग्यांच्या एका पदार्थाला तिच्या नावानं ‘बूरानिया’ म्हणू लागले. अफगाणिस्तानात आजही वांगं आणि दही घालून ‘बोरानी बंजान’ करतात. राणीचं नाव आणि वांग्याचं नाव असं एकाच ताटात टिकून राहिलं आहे.

अरबांबरोबर वांगं उत्तर आफ्रिकेतून स्पेनला पोचलं. जुन्या ग्रीक आणि रोमन ग्रंथांत वांग्याला नावच सापडत नाही, कारण त्यांनी ते पाहिलेलंच नव्हतं. उलट बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात वांग्याच्या वेगवेगळ्या जाती सांगितल्या आहेत. अरबीत नामापुढे ‘अल’ लागतं, म्हणून अल-बादिंजान. स्पेनच्या लोकांनी हा शब्द ऐकला तो कुणी ‘अल’सकट, कुणी ‘अल’शिवाय. स्पॅनिशमध्ये आज आहे बेरेनहेना, शेजारच्या कॅटलानमध्ये अल्बर्जीनिया. कॅटलानचा शब्द फ्रान्सला गेला. फ्रेंचांना शब्दातलं ‘अल’ वितळवून ‘ओ’ करायची सवय, म्हणून ओबेर्जिन. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो जसाच्या तसा घेतला आणि झालं ऑबर्जिन.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की त्या शब्दातलं सुरुवातीचं ‘ऑ’ अरबी आहे. अल्जेब्रा आणि अल्कोहोलमध्ये जे ‘अल’ आहे तेच. त्याच्या पुढचं ‘बर्जिन’ म्हणजे बादिंजान, आणि बादिंजान म्हणजे वातिंगण. जर्मन आणि डच लोकही हाच फ्रेंच शब्द वापरतात.

ग्रीस-इटलीच्या वाटेनं गेलेल्या शब्दाचं नशीब वेगळं. ग्रीकांनी बादिंजानच्या तोंडाला आपला ‘मेल’ लावला. ग्रीकमध्ये ‘मेलास’ म्हणजे काळा, आणि काळ्या फळाला ते शोभलंही. आजचा ग्रीक शब्द मेलित्झाना. इटलीत त्याचं मेलांझाना झालं आणि इथं इटालियन कानांनी घोळ घातला. त्यांना त्यात ऐकू आलं ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं सफरचंद, खाल्लं तर वेड लावणारं फळ!

या गैरसमजाला थोडं कारणही होतं. वांगं ज्या कुळातलं, त्याच कुळात बेलाडोनासारख्या विषारी वनस्पती येतात. युरोपच्या वैद्यांना त्या आधीपासून माहीत होत्या, त्यांची फुलं-पानं वांग्यासारखी दिसायची. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते इथं अक्षरशः झालं. बेलाडोनाचं पाप वांग्याच्या माथी आलं. १५९७ साली इंग्लंडचा जॉन जेरार्ड आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात ‘वेड्या सफरचंदां’विषयी लिहितो. स्पेन आणि आफ्रिकेत लोक ती खातात हे त्याला ठाऊक आहे, तरी इंग्रजांनी आपल्या देशातल्या अन्नावरच समाधान मानावं असा त्याचा सल्ला आहे. त्याच्या लंडनच्या बागेत वांग्याचं झाड थंडीनं मरून जायचं. एका उबदार वर्षी फळ धरलं, पण पिकलं नाही. बिचाऱ्यानं नीट तयार झालेलं वांगं कधी पाहिलंच नसावं.

ही बदनामी शास्त्राच्या पुस्तकातही शिरली. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस, त्यानं १७५३ साली वांग्याला शास्त्रीय नाव दिलं सोलॅनम मेलोंजेना, म्हणजे त्याच ग्रीक-इटालियन वाटेवरचं लॅटिन रूप. पुढे १७६७ साली त्यानं एका काटेरी रानटी झाडाला नाव दिलं सोलॅनम इन्सानम. आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हेच रानवांगं आपल्या शेतातल्या वांग्याचा पूर्वज आहे, आणि ते भारतात उगवतं. म्हणजे भारतातल्या रानटी झाडाच्या कपाळी एका इटालियन गैरसमजाचा शिक्का बसलेला आहे, आणि शास्त्रीय नावं सहजी बदलत नसल्यामुळे तो राहणार.

तिसरी वाट तुर्कांची. त्यांनी बादिंजानचं केलं पात्लिजान. तुर्की साम्राज्य जिथवर पसरलं तिथवर हा शब्द गेला: हंगेरीत पाद्लिझान, सर्बियात पात्लिजान. रशियात बाकलाझान झालं. काकेशसमध्ये जॉर्जियन लोक म्हणतात बद्रिजानी, ते बादिंजानला अजून जवळचं. इस्तंबूलची घरं पूर्वी लाकडाची, आणि उन्हाळ्यात घरोघरी वांगी भाजायची-तळायची. त्या दिवसांत लागणाऱ्या आगींना तिथं ‘पात्लिजान यांगिनी’, वांग्याच्या आगी, असं नावच पडलं होतं. वाचलं तेव्हा मला आपल्याकडच्या शेतातले जाळ आठवले. आपण उघड्यावर भाजतो ते बरंच.

चौथी वाट घरी परत आली. स्पेनच्या शेजारी पोर्तुगीजांकडे हा शब्द बेरिंजेला झाला होता. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा व्यापार वाढला. त्यांच्या तोंडून इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि ब्रिंजल केला. म्हणून हा शब्द भारतातल्या इंग्रजीत आहे, सिंगापूर-मलेशियात आहे, दक्षिण आफ्रिकेत आहे, आणि खुद्द इंग्लंडच्या बाजारात नाही. भाचीनं तिथल्या दुकानात ‘ब्रिंजल’ विचारलं तर देशी दुकानदारच ओळखेल. जळगावच्या मेन्यूवरचं ते ब्रिंजल म्हणजे इराण, अरबस्तान, स्पेन, लिस्बन, गोवा असा फेरा घालून आलेलं आपलंच वातिंगण. ते मेन्यूवर ‘वांगं’ या शब्दाच्या जागी कशाला हवं, हा प्रश्न मात्र मला दरवेळी पडतो.

एगप्लांटचं उत्तर दोन ओळींचं. अठराव्या शतकात इंग्रजांना बागेत शोभेला लावलेली एक लहान पांढरी जात माहीत होती, दिसायला हुबेहूब कोंबडीचं अंडं. म्हणून अंड्याचं झाड. आइसलँडच्या भाषेतही ‘एग्गाल्दिन’, अंडंफळच आहे. अमेरिकेत तो शब्द टिकला, इंग्लंडमध्ये फ्रेंच शब्दानं त्याला हटवलं.

पूर्वेकडे गेलं की चित्र बदलतं. चीनमध्ये वांगं फार जुनं आहे, इ.स.पूर्व ५९ मधल्या एका चिनी लेखात, गुलामानं करायच्या कामांच्या लांबलचक यादीत, वांग्याची रोपं उपटून वेगळी लावण्याचं काम सांगितलेलं आहे. म्हणजे रोप टाकून मग लागवड करायची पद्धत तेव्हाही तीच. चिनी नाव ‘चिए’, बोलताना ‘चिएत्झ’. आपल्या शब्दाशी त्याचं नातं नाही. फोटो काढताना चिनी लोक हसरं तोंड यावं म्हणून ‘चिएत्झ’ म्हणतात, म्हणजे तिकडे सगळ्या कौटुंबिक फोटोंत वांग्याचं नाव घेतलं जातं. जपानीत नासु. ‘नासु’चा दुसरा अर्थ सिद्धीस नेणं, म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगं दिसणं शुभ मानतात. मलायमध्ये तेरुंग, थाईमध्ये माखुआ. वांगं पूर्वेकडच्या आशियात सगळीकडे इतकं आधीपासून होतं की तिथल्या लोकांना नाव उसनं घ्यायची गरजच पडली नाही. युरोपला पडली, कारण फळ आणि नाव त्यांना एकाच टोपलीतून मिळालं.

या पूर्वेकडच्या शब्दांत मला सगळ्यांत आवडतं ते पुढे आहे. अमेरिका खंडातून टोमॅटो जगभर पसरला तेव्हा लोकांना त्याला नाव द्यायचं होतं, आणि ओळखीचं सगळ्यांत जवळचं फळ होतं वांगं. चिनी लोक म्हणाले ‘फानचिए’, परदेशी वांगं. थाई म्हणाले ‘माखुआ थेत’, तेही परदेशी वांगंच. जपान्यांनी जुन्या काळी म्हटलं ‘आकानासु’, लाल वांगं. बंगाली म्हणाले ‘बिलाती बेगुन’. रोमानियात तुर्की शब्द धरून ‘पत्लाजेले रोशी’, पुन्हा लाल वांगं. आणि जुन्या मराठीत? बेलवांगी! एकमेकांना न विचारता पाच-सहा देशांतल्या लोकांनी एकच युक्ती केली. त्यांनी पानं, फुलं, फळाचा देठ नीट पाहिला होता. वांगी आणि टोमॅटो एकाच कुळातले आहेत, हे सांगायला त्यांना शास्त्रज्ञ लागला नाही.

शब्दासारखी गोष्टही प्रवास करते. अकबर-बिरबलाची वांग्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. बादशहानं वांग्याची तारीफ केली तर बिरबलानंही केली, बादशहानं निंदा केली तर बिरबलही निंदा करू लागला, आणि विचारल्यावर म्हणाला, “खाविंद, मी आपला चाकर, वांग्याचा नाही.” हीच गोष्ट चौदाव्या शतकातला फारसी लेखक उबैद ज़ाकानी सुलतान महमूद आणि त्याच्या सोबत्याच्या नावावर सांगतो. तेव्हा अकबराचा जन्म व्हायला बराच अवकाश होता.

आणि भाजण्याची रीतही. रोमानियात वांगी जाळावर भाजून, सोलून, लाकडी सुरीनं लाकडी फळीवर ठेचतात. लोखंड लावू देत नाहीत. आमच्याकडेही जुनी माणसं लाकडाचाच आग्रह धरतात. वांग्याच्या गरातली द्रव्यं हवेशी आणि लोखंडाशी संयोग पावून काळी पडतात, लाकडानं ठेचलं तर भरताचा रंग उजळ राहतो. गुजरातेत ‘ओळो’, उत्तरेत ‘भरता’ आणि ‘चोखा’, अरब देशांत ‘बाबा गनूश’, ग्रीसमध्ये मेलित्झानांचं सॅलड. सगळीकडे पहिली कृती तीच, की वांगं आधी आगीत घाला.

इंग्रजांच्या मळ्यांवर राबायला गेलेल्या आपल्या लोकांनी हा शब्द आणखी दूर नेला. मॉरिशसमध्ये क्रिओल भाषेत वांग्याला ‘ब्रिंझेल’ म्हणतात, तो पोर्तुगीज वाटेचा शब्द. त्रिनिदादमध्ये १८४५ पासून १९१७ पर्यंत भारतातून मजूर नेले गेले, त्यांतले बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले. फ्रेंच मळेवाल्यांमुळे त्या बेटावर आधीच ‘मेलोंजिन’ हा शब्द होता, ग्रीस-इटलीच्या वाटेवरचा. मजुरांनी त्याच्या शेजारी ‘बैगन’ आणून ठेवला. आजही तिथं दोन्ही शब्द चालतात. घरोघरी बैगन चोखा होतो: वांगं जाळावर भाजायचं, ठेचायचं, लसूण आणि मिरची घालायची, वरून तापलेलं तेल ओतायचं, आणि साध्या रोटीबरोबर खायचं, तिला तिथं ‘सादा रोटी’ म्हणतात.